राउटर उत्तर का देत नाही?
एसएनएमपी व्हर्जन ३ मधील बिघाड शोधण्याची रीत

व्यापाराच्या पानावर राउटरची कथा कशाला, असे आमचे काही बंधू विचारतील. सुताचा दर, ग्रे कापडाचा उठाव, उधारीची वसुली हे आपले नेहमीचे विषय आहेत. परंतु आज दुकानाचे बिल, गोदामाचा साठा, ई-वे बिल आणि गिऱ्हाईकाचे मोबाइलवरून येणारे पैसे, हे सारे ज्या एका डबीतून जाते तिच्याकडे आपण कधी बघतही नाही. ती भिंतीवर टांगलेली असते, तिच्यावर धूळ बसते, आणि ती बंद पडली की दुकान बंद पडते. मी स्वतः कापडाचा व्यापारी आहे, इंजिनिअर नाही. शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी गल्ल्यावर बसून शिकलो आणि हा विषय मार खाऊन शिकलो. जे शिकलो ते येथे लिहितो.

देवळ्यात माझे दुकान आहे आणि मालेगावात गोदाम. मालेगावच्या यंत्रमागावर निघालेले कापड तेथे उतरते, तेथूनच पुढे जाते, आणि हिशेब देवळ्यात होतो. दोन्ही ठिकाणी एकेक राउटर असून दोघांमध्ये इंटरनेटवरून खाजगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन, टाकलेला आहे. गेल्या लग्नसराईत रोज संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान देवळ्याची लाईन जाऊ लागली. नेमकी तीच वेळ गाडी भरण्याची. एका संध्याकाळी गाडी भरून उभी, ड्रायव्हर चहा पिऊन पिऊन कंटाळला, आणि बिल निघेना. पुढच्या गावचा दुकानदार फोनवर म्हणाला, "चाचा, माल आज आला नाही तर उद्या मला नको." माल दुसऱ्या दिवशी गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला.

इंटरनेट देणाऱ्यांकडे तक्रार केली. त्यांचे उत्तर ठरलेले: आमच्याकडून सर्व ठीक दिसते, तुमचा राउटर बंद पडत असेल, वीज जात असेल. मी म्हणालो की वीज जात नाही, इन्व्हर्टर आहे. ते म्हणाले, पुरावा काय? आता कापडवाल्याला हे वेगळे सांगायला नको. थान कमी भरले असे नुसते म्हणून भागत नाही, गज लावून मोजून दाखवावे लागते. आमच्याकडे लाईन मोजायचा गजच नव्हता.

मोजणारा गज

हा गज म्हणजे एसएनएमपी. १९८८ साली तो प्रथम ठरविला गेला आणि मे १९९० मध्ये त्याचे पहिले व्हर्जन पक्के झाले. कल्पना सोपी आहे. राउटर स्वतःजवळ एक वही ठेवतो: कोणत्या पोर्टमधून किती माल आला, किती गेला, किती खराब झाला, कोणते पोर्ट चालू, कोणते बंद, आणि राउटर किती वेळापासून न थांबता चालू आहे. वहीतील प्रत्येक ओळीला एक नंबर असतो. दुसऱ्या संगणकावरचा मॉनिटर प्रोग्रॅम दर मिनिटाला किंवा पाच मिनिटांनी विचारतो, अमुक नंबरच्या ओळीत काय आहे, आणि राउटर सांगतो. प्रश्न राउटरच्या यूडीपी पोर्ट १६१ वर जातो. काही विशेष घडले तर राउटर न विचारता स्वतःहून खबर पाठवतो, ती मॉनिटरच्या पोर्ट १६२ वर येते.

खोट होती ती ओळख पटविण्यात. पहिल्या व्हर्जनमध्ये आणि १९९६ च्या दुसऱ्या व्हर्जनच्या प्रचलित रूपात ओळख म्हणजे एक परवलीचा शब्द, त्याला कम्युनिटी म्हणतात. तो तारेवरून उघडा जातो. शिवाय पुष्कळ यंत्रांवर तो कारखान्यातूनच 'पब्लिक' असा, आणि लिहिण्याची परवानगी देणारा 'प्रायव्हेट' असा येत असे, आणि लोक तो कधी बदलत नसत. आमच्याकडे तेच होते. माझा भाचा नाशिकला संगणक शिकतो. त्याने गिऱ्हाईकांसाठी ठेवलेल्या वाय-फायवर आपला मोबाइल जोडला आणि दोन मिनिटांत माझ्यापुढे धरला. राउटरचे नाव, सारी पोर्ट, गल्ल्यावरच्या संगणकाचा पत्ता, मालेगावच्या बोगद्याचा पत्ता, सर्व त्यात होते. "मामू," तो म्हणाला, "हे मी वाचले. दुसरा शब्दही तसाच असता तर बदललेही असते." आमच्या दुकानाच्या संगणकात माझाच हिशेब नाही, पंधरा-वीस कारागिरांची मजुरी आणि अनेक दुकानदारांची उधारी आहे. ती त्यांची अमानत. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

ही भीती फुकाची नव्हे. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थांनी संयुक्त सूचना काढली. रशियन लष्करी गुप्तहेर खात्याशी जोडलेल्या टोळीने २०२१ मध्ये सिस्कोच्या राउटरमध्ये याच वाटेने प्रवेश केला होता, म्हणजे दुबळा कम्युनिटी शब्द आणि २०१७ मध्येच दुरुस्ती जाहीर झालेला एक जुना दोष. युरोपातील काही, अमेरिकेतील सरकारी संस्था आणि युक्रेनमधील सुमारे २५० ठिकाणे त्यांच्या तावडीत सापडली. सूचनेत सल्ला होता की नवा सॉफ्टवेअर टाका आणि जुने एसएनएमपी बंद करा.

म्हणून व्हर्जन ३. हे १९९८ मध्ये मांडले गेले आणि डिसेंबर २००२ मध्ये पूर्ण मानक झाले. यात तीन गोष्टी आहेत. पहिली, युजरचे नाव. दुसरी, ऑथेंटिकेशन, म्हणजे गठाणीवरचे सील: पाठवणारा खरा आहे आणि वाटेत कोणी गठाण उघडली नाही याची खूण. तिसरी, प्रायव्हसी, म्हणजे मजकूर कोणाला वाचता येऊ नये म्हणून गुप्त करणे. सील न लावता, सील लावून, किंवा सील आणि गुप्तता दोन्ही, अशा तीन पातळ्या ठरतात. दुकानदाराने तिसरीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

बदल करायला एक दुपार लागली. बदलानंतर मॉनिटर चालायला आठ दिवस लागले.

गप्प बसणे आणि नकार देणे

व्हर्जन ३ न चालल्यास बहुतेक लोक पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकतात, मग राउटर बंद-चालू करतात, मग वैतागून पुन्हा 'पब्लिक' लावतात. ही शेवटची गोष्ट मी दोन दुकानांत पाहिली आहे. याचे कारण इतकेच की राउटर काय सांगतो ते ते ऐकत नाहीत.

पहिला भेद हा: राउटर गप्प आहे की नकार देतो आहे? मॉनिटरच्या संगणकावर नेट-एसएनएमपीची फुकट मिळणारी साधने टाकून हाताने एक प्रश्न विचारावा. त्यात व्हर्जन ३, पातळी, युजर, सीलची रीत आणि पासवर्ड, गुप्ततेची रीत आणि पासवर्ड, राउटरचा पत्ता, आणि शेवटी राउटर किती वेळ चालू आहे त्या ओळीचा नंबर, एवढे द्यावे लागते. मोठ्या मॉनिटर प्रोग्रॅममध्ये चुका लपतात, या हातातल्या साधनात त्या उघड दिसतात.

काहीच उत्तर आले नाही आणि वेळ संपली, तर बहुधा प्रश्न राउटरपर्यंत पोचलाच नाही, किंवा उत्तर परत आले नाही. येथे पासवर्डकडे बघण्यात अर्थ नाही. पिंग चालते म्हणून पोर्ट १६१ उघडे आहे असे समजू नये, त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. मधल्या फायरवॉलने यूडीपी १६१ अडवले आहे का, राउटरवर एसएनएमपी चालू आहे का, आणि राउटरवर 'फक्त या पत्त्यालाच उत्तर द्या' अशी यादी लावली आहे का, हे पाहावे. आमची पहिली चूक हीच निघाली. यादीत मॉनिटरचा जो पत्ता लिहिला होता तो संगणकाला आपोआप मिळालेला पत्ता होता, आणि दोन दिवसांनी तो बदलला. दोन्ही राउटर गप्प. त्या संगणकाला कायमचा पत्ता दिला आणि देवळ्याचा राउटर बोलू लागला. म्हणजे नकार देऊ लागला. नकार मिळाला तेव्हा भाचा खूश झाला, मला कळेना की यात आनंदाचे काय आहे.

गप्प बसण्याची आणखी दोन कारणे लक्षात ठेवावीत. राउटरला अनेक पत्ते असतात. कधी प्रश्न एका पत्त्यावर जातो आणि उत्तर दुसऱ्या पत्त्यावरून येते, मॉनिटर ते अनोळखी म्हणून टाकून देतो. आणि एकेका ओळीचा प्रश्न चालतो पण सारी वही मागितली की मध्येच अडकते, तर मोठे उत्तर बोगद्यात मावत नसावे. मॉनिटरमध्ये एका वेळी मागावयाच्या ओळी कमी करून पाहाव्यात.

नाके एकामागून एक

आता नकार. व्हर्जन ३ मध्ये आलेला प्रश्न राउटर ठरलेल्या क्रमाने तपासतो. जकात नाके होती त्या काळी गाडी एकेका नाक्यावर थांबायची, तसेच हे आहे. कोणत्या नाक्यावर अडलो हे कळले की मागची सारी नाकी पार झाली हे आपोआप सिद्ध होते. हा क्रम ज्याने पाठ केला त्याचे निम्मे काम झाले.

पहिले नाके एंजिन आयडीचे. प्रत्येक यंत्राला स्वतःची एक ओळख असते. मॉनिटरला ती सुरुवातीला ठाऊक नसते, म्हणून तो आधी कोरा प्रश्न पाठवतो, राउटर 'ही एंजिन आयडी ओळखीची नाही' असे सांगताना आपली खरी आयडी कळवतो. म्हणजे हा पहिला नकार बिघाड नसून परिचय आहे. तो एकदाच आला तर घाबरू नये. पुन्हा पुन्हा आला तर मात्र मॉनिटरमध्ये कोणीतरी जुनी आयडी हाताने लिहून ठेवली आहे.

दुसरे नाके युजरच्या नावाचे. 'अननोन युजर नेम' आले तर त्या नावाचा युजर त्या राउटरवर नाही. लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही चालत नाही. पण येथे एक मोठी मेख आहे आणि आम्ही तीत पुरते अडकलो. सिस्कोच्या राउटरवर व्हर्जन ३ चे युजर चालू कॉन्फिगरेशनमध्ये दिसतच नाहीत. आम्ही देवळ्याच्या राउटरची सारी मांडणी उतरवून मालेगावच्या राउटरवर टाकली, ग्रुप आला, यादी आली, सर्व आले, युजर आला नाही. 'शो एसएनएमपी युजर' ही आज्ञा दिली तेव्हा कळले की तेथे कोणीच नाही. बिघडलेला राउटर बदलून जुनी मांडणी बॅकअपमधून टाकली तरी हेच होते. युजर हाताने पुन्हा बनवावाच लागतो. बॅकअप असूनही पासवर्ड वेगळ्या ठिकाणी कुलूपबंद ठेवणे का जरूर आहे, ते यावरून समजावे.

तिसरे नाके पातळीचे. युजरला गुप्ततेची किल्लीच दिलेली नाही आणि मॉनिटर गुप्त प्रश्न पाठवतो, तर 'अनसपोर्टेड सिक्युरिटी लेव्हल' येते.

चौथे नाके सीलचे, आणि सर्वांत जास्त गर्दी येथेच होते. 'ऑथेंटिकेशन फेल्युअर' याचा अर्थ नाव बरोबर, पण सील जुळत नाही. पासवर्ड चुकला, किंवा सीलची रीत वेगळी: एकीकडे एमडी५, दुसरीकडे एसएचए. जुन्या यंत्रांत या दोनच रीती आहेत, एसएचए-२ च्या बळकट रीती २०१५-१६ मध्ये मानकात आल्या, म्हणून जुन्या-नव्या यंत्रांची जोडी लावताना दोघांना येते ती रीत निवडावी लागते. पासवर्ड निदान आठ अक्षरांचा हवा, हे मानकातच आहे. आमच्या पासवर्डमध्ये डॉलरची खूण होती. मॉनिटरच्या संगणकावर आज्ञा टाइप करताना त्या खुणेला तेथे वेगळा अर्थ असल्याने ती आणि पुढची अक्षरे गिळली जात होती. पासवर्ड एकेरी अवतरणात टाकला आणि सील जुळले. तसेच सिस्कोवर टाइप करताना प्रश्नचिन्ह दाबले तर राउटर ते मदतीची मागणी समजतो. म्हणून माझा सल्ला असा की अशा खुणा टाळाव्यात, पासवर्ड लांब घ्यावा, अक्षरे आणि आकडे पुरेसे आहेत.

पाचवे नाके वेळेचे. त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहितो.

सहावे नाके गुप्ततेचे. येथे फसवणूक अशी की गुप्ततेचा पासवर्ड चुकला तर पुष्कळदा स्वच्छ नकार येतच नाही. राउटरला उलगडून मिळतो तो कचरा, आणि तो कचरा फेकून देऊन गप्प बसतो. म्हणजे शेवटच्या नाक्यावरची चूक पहिल्या नाक्याआधीच्या चुकीसारखी दिसते! ओळखण्याची रीत अशी: गुप्तता काढून फक्त सील लावून प्रश्न विचारावा. उत्तर आले तर सील ठीक, दोष गुप्ततेत. आणि ग्रुप फक्त तिसऱ्या पातळीचाच ठेवला असेल तर 'ऑथोरायझेशन एरर' येईल. तोही नकारच, पण आनंदाचा, कारण सीलचे आणि वेळेचे नाके पार झाल्याशिवाय तो येतच नाही. गुप्ततेची मूळ रीत डीईएस, २००४ मध्ये एईएस १२८ आली. १९२ आणि २५६ च्या एईएसबाबत मात्र वेगवेगळ्या कंपन्यांनी किल्ली बनविण्याच्या वेगवेगळ्या पद्धती वापरल्या आहेत, त्यामुळे दोन्हीकडे '२५६' लिहिलेले आणि पासवर्ड एकच असूनही जुळत नाही असे होते. अशा वेळी १२८ लावून पाहावे. आपल्या दुकानास ती पुरेशी आहे.

ही सर्व नाकी पार झाल्यावर प्रश्न उरतो परवानगीचा. युजर ज्या ग्रुपमध्ये आहे त्या ग्रुपला वहीचा कोणता भाग दिसावा हे 'व्ह्यू' ठरवतो. उत्तर येते पण हवी ती ओळ 'अस्तित्वात नाही' म्हणून येते, तेव्हा ओळ नसते असे नाही, तिच्यावर पडदा असतो. 'शो एसएनएमपी ग्रुप' आणि 'शो एसएनएमपी व्ह्यू' पाहून पडदा हवा तेवढा बाजूला करावा. लिहिण्याची परवानगी मॉनिटरला कधीही देऊ नये. मोजणाऱ्याच्या हाती कात्री कशाला?

एक दिसे तर दुसरा गायब

आता पाचवे नाके. यानेच आमचे चार दिवस खाल्ले.

मालेगावला युजर बनवला, तो राउटर उत्तर देऊ लागला, आणि त्याच घटकेला देवळ्याचा राउटर बंद झाला. नकार काय, तर 'नॉट इन टाइम विंडो'. मॉनिटर प्रोग्रॅम बंद करून चालू केला की देवळा काही क्षण दिसे, मालेगावला प्रश्न गेला की देवळा पुन्हा गायब. भाच्याने घड्याळे तपासली. राउटरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे होते, ते ठीक केले. काही फरक नाही. राउटर बंद-चालू केला. फरक नाही. मी म्हणालो, देवळ्याचा राउटर खराब आहे, लॅमिंग्टन रोडवरून जुना घेतला तेव्हाच मला शंका होती. राउटरचा काही दोष नव्हता.

वेळेचे नाके भिंतीवरचे घड्याळ बघतच नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ते दोन आकडे बघते: राउटर आजवर किती वेळा सुरू झाला, आणि शेवटच्या वेळी सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले. मॉनिटर हे आकडे राउटरकडून शिकतो आणि प्रत्येक प्रश्नावर लिहून पाठवतो, जशी बिल्टीवर तारीख असते तशी. सुरू होण्याचा आकडा जुळला नाही, किंवा सेकंदांत १५० पेक्षा जास्त फरक पडला, तर राउटर प्रश्न परत करतो. हेतू असा की कोणी कालची बिल्टी चोरून आज दाखवू नये. मॉनिटरही सावध असतो: त्याच्या वहीतल्या आकड्यापेक्षा लहान आकडा आला तर तो जुनी बिल्टी समजून स्वीकारत नाही, मोठाच आकडा स्वीकारतो.

आता मेख पाहा. मॉनिटर हे आकडे राउटरच्या पत्त्यावर नाही, एंजिन आयडीच्या नावावर लिहितो. आमच्या दोन्ही राउटरची एंजिन आयडी एकच होती! देवळ्याच्या राउटरवर पूर्वीच्या मालकाने ती हाताने लिहिली होती. हाताने लिहिलेली आयडी चालू कॉन्फिगरेशनमध्ये दिसते आणि नक्कल करताना ती ओळही मालेगावला गेली. युजर गेला नाही, आयडी गेली. मालेगावचा राउटर जास्त वेळा सुरू झालेला, त्याचा आकडा मोठा. मॉनिटर त्याच्याकडून मोठा आकडा शिके, तोच देवळ्याला दाखवी, देवळा म्हणे हा माझा आकडा नाही, आणि देवळ्याचा खरा लहान आकडा मॉनिटर मानायला तयार नसे. एकाच नावाच्या दोन खातेदारांची उधारी एकाच पानावर लिहिली, की जे होते तेच झाले.

उपाय करण्यापूर्वी 'शो एसएनएमपी एंजिन आयडी' ही आज्ञा दोन्हीकडे देऊन आकडे कागदावर उतरवले. सिस्कोची स्वतः बनवलेली आयडी ८००००००९०३ ने सुरू होते. त्यातला ९ हा सिस्को कंपनीचा ठरलेला नंबर, ०३ म्हणजे पुढे यंत्राचा मॅक पत्ता आहे, आणि तो प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. आमच्या दोन्ही कागदांवर शेपूट एकच होते. दोन्हीकडची हाताने लिहिलेली ओळ काढली, दोघांनी आपापली आयडी बनवली. येथे घाई करणाऱ्यांसाठी सूचना: आयडी बदलली की जुने युजर निकामी होतात. कारण किल्ली नुसत्या पासवर्डची नसते, पासवर्ड आणि एंजिन आयडी मिसळून बनते. म्हणूनच एका राउटरची किल्ली चोरीला गेली तरी दुसऱ्याला लागत नाही, पण आयडी वेगळ्या असतील तरच. तेव्हा युजर काढून त्याच पासवर्डने पुन्हा बनवावा आणि मॉनिटर एकदा बंद-चालू करून त्याची जुनी वही पुसावी. आम्ही हे केले आणि दोन्ही राउटर शेजारी शेजारी हिरवे दिसू लागले.

याच नाक्यावर आणखी एक प्रकार भेटतो. काही स्वस्त यंत्रे आपण किती वेळा सुरू झालो ते जपून ठेवत नाहीत. वीज जाऊन आली की सुरू होण्याचा आकडा तोच, आणि सेकंद पुन्हा शून्यापासून. मॉनिटरला वाटते ही जुनी बिल्टी. तेथे यंत्र बिघडलेले नसते, मॉनिटर पुन्हा चालू केला की भागते. आपल्या तालुक्यांत विजेचे जे हाल आहेत ते पाहता हे ध्यानात असावे.

स्वतःहून येणाऱ्या खबरेचा, म्हणजे ट्रॅपचा, नियम उलटा आहे तोही येथेच सांगतो. प्रश्नोत्तरात मॉनिटर राउटरची आयडी विचारून घेतो. ट्रॅपमध्ये विचारायला सवडच नसते, म्हणून राउटरची आयडी मॉनिटरमध्ये आधीच युजरबरोबर लिहून ठेवावी लागते. आयडी बदलल्यावर आमची प्रश्नोत्तरे सुरू झाली आणि ट्रॅप बंद पडले, ते याच कारणाने.

व्हर्जन ३ लावले की डोळे मिटावेत असेही नाही. २००८ च्या जूनमध्ये असा दोष जाहीर झाला की कित्येक यंत्रे सील तपासताना पाठवणाऱ्याने जेवढा तुकडा दिला तेवढाच ताडून पाहत. एका बाइटचा तुकडा दिला तर २५६ पैकी एक अंदाज बरोबर ठरणारच. नेट-एसएनएमपी आणि अनेक कंपन्यांच्या यंत्रांत तो होता, नंतर दुरुस्त झाला. म्हणून सॉफ्टवेअर नवे ठेवावे, पत्त्यांची यादी लावावी, पोर्ट १६१ बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडे ठेवू नये. आणि व्हर्जन ३ चालू झाल्यावर जुने 'पब्लिक' पुसायला विसरू नये. नवे कुलूप लावून जुने दार उघडे ठेवणारे मी पाहिले आहेत.

आता संध्याकाळच्या लाईनचे काय झाले ते सांगतो. मॉनिटर चालू झाल्यावर चार दिवस नोंदी जमू दिल्या. दोन ओळी बोलक्या निघाल्या. एक, राउटर किती वेळ चालू आहे: ती चारही दिवस अखंड वाढत होती, म्हणजे राउटर एकदाही बंद पडला नव्हता आणि आमची वीज गेली नव्हती. दुसरी, बाहेरच्या लाईनचे पोर्ट शेवटी कधी बदलले: ते रोज सहा वाजून काही मिनिटांनी बंद आणि आठच्या आत चालू. राउटर जिवंत, पण समोरून येणारा धागा मेलेला. आम्ही तो तक्ता छापून घेऊन गेलो. या वेळी कोणी पुरावा मागितला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्यांचा माणूस गल्लीच्या टोकाच्या पेटीपाशी उभा होता. रस्त्यावरचे दिवे लागले आणि त्या पेटीतल्या यंत्राचा वीजपुरवठा पडला. त्याने तेथे नवा जोड घेतला, बॅटरी बसवली.

लाईन त्या दिवसापासून संध्याकाळी गेलेली नाही. परत आलेला माल अजून गोदामात पडून आहे, त्या दुकानदाराशी बोलणे चालू आहे.